हात कुठे ठेवलात?

मला उंचीची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे, तरी मी भिंतीला पाठ लावून घालते. आणि जन्मभर नोकरी केली ती डोंगरभटक्यांच्या मासिकात. आमच्या नातेवाइकांना हा विनोद इतका आवडायचा, की प्रत्येक लग्नात कुणीतरी तो मलाच नव्याने ऐकवायचं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘त्या काळातल्या मजेशीर आठवणी’ मागितल्या आहेत. मजेशीर आठवणी आहेत, नाही असं नाही. पण आज लिहायला बसलेय आणि माझं चित्त ठिकाणावर नाही. का ते येईलच पुढे. तोवर मजेचं बघू.

मासिकाचं ऑफिस शनिवार पेठेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. जिना लाकडी आणि अरुंद. ‘चौथी पायरी हलते’ अशी पाटी मी तिथे लावली होती. तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, ‘मग दुरुस्त का करत नाही?’ त्याखाली मी लिहिलं, ‘लेखक पारखून घ्यायला.’ एवढे कडे-कपारी चढणारे बाप्ये, पण त्या पायरीवर भलेभले कठडा धरायचे.

लोकांना वाटतं, अशा मासिकात संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. तेही होतंच. पण आमचं खरं काम होतं वाट तपासायचं. कुणी एखाद्या गडावर जाऊन येतो, लेख लिहितो, आम्ही छापतो, आणि मग ते पान सॅकमध्ये घालून दुसरा कुणीतरी त्याच वाटेनं निघतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचक आपल्याला खरमरीत पत्र लिहितो. डावं-उजवं चुकलं तर वाचक पत्र लिहायला उरत नाही. ही गोष्ट मला पहिल्याच महिन्यात कळली, आणि तेव्हापासून मी प्रत्येक लेख घाबरत घाबरतच वाचला.

त्या घाबरण्याचा उपयोग होतो, हे आमच्या संपादकांच्या लक्षात आलं. खऱ्याखुऱ्या अवघड जागेचं वर्णन वाचताना माझ्या तळहातांना घाम फुटायचा. कागद ओला व्हायचा अक्षरशः. लेखकानं ‘काळजाचा थरकाप उडवणारा कडा’ वगैरे लिहिलं की हात कोरडे ठणठणीत. आणि कुणी साधंच लिहिलं, ‘इथे पाय ठेवायला बोटभर जागा आहे, खाली बघू नये’, की झालं, फुटला घाम. मग संपादक आपल्या टेबलावरून विचारायचे, “काय बाई, आला का घाम?” आला म्हटलं तर लेख पुढे सरकायचा. नाही म्हटलं तर मी लेखकाला बोलावून एकच प्रश्न विचारायचे. “हात कुठे ठेवलात?”

याचं कारण सांगते. कातळ चढून आलेला माणूस बाकी सगळं विसरतो. बरोबर कोण होतं, डब्यात काय होतं, काही आठवत नाही. पण हात कुठे ठेवला होता ते विसरत नाही. विचारलं की तो बोलायच्या आधी त्याचा हातच हवेत वर जातो आणि बोटं काहीतरी पकडतात. ती बोटं बघून मी लेख घ्यायचे.

एकदा एक गृहस्थ फार सुरेख लेख घेऊन आले. वारा काय, घिरट्या घालणारी घार काय, मृत्यूचं चिंतन काय! माझे हात कोरडे. मी विचारलं, “त्या शेवटच्या कातळावर डावा हात कुठे ठेवलात?” गृहस्थ विचारात पडले. पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि म्हणाले, “बहुतेक कमरेवर.” मी त्यांना चहा पाजला. चहा संपता संपता त्यांनीच सांगून टाकलं, की कडा त्यांनी पायथ्याच्या हॉटेलातून दुर्बिणीतून पाहिला होता. पुढे तेच गृहस्थ ‘डोंगराचं दुरून दर्शन’ असं छान सदर चालवायचे आमच्याकडे. माणूस प्रामाणिक निघाला.

दुसरे एक आठवतात ते लोणी काळभोरचे शेतकरी. पांढरा शर्ट, हातात आमचा अंक गुंडाळलेला. जिना चढून दारातच उभे राहिले. म्हणाले, “बाई, पोरगं कॉलेजच्या पोरांसंगं या गडावर जाणार म्हंतंय. म्या हे वाचलं. हितं लिव्हलंय, ‘या ठिकाणी माझी बोबडी वळली.’ हे खरं हाय का उगं लिव्हायचं म्हनून?”

मी म्हटलं, “खरं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांना मी समोर बसवून विचारलंय.”

“म्हंजे भ्यायचं काम हाय.”

“आहे.”

त्यांनी अंक उलगडून ते पान पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता पोराला घरी बसवणार. पण ते म्हणाले, “मग जाऊ द्या त्याला. लिव्हनारा भ्यालाय म्हंजे बघून आलाय. कुठं भ्यायचं ते ठावं असल्यावर पोरगं तितं तरी जपंल.” आणि अंक पुन्हा गुंडाळून गेले. त्यांच्यामुळे आमच्याकडे एक शिरस्ताच पडला. ज्या लेखात कुठे भीती वाटली ते एक वाक्य नसेल, तो लेख छापायचा नाही. लेखक कुरकुरायचे. मिशीला पीळ भरणारे गडी, ‘भीती वाटली’ लिहायची लाज वाटायची त्यांना. मी म्हणायचे, “अहो, माझ्यासाठी लिहा. मी भित्री आहे.”

आणखी एक नियम होता आणि आजची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे, म्हणून नीट सांगते. आम्ही डावं-उजवं नेहमी ‘चढत्या तोंडानं’ लिहायचो. म्हणजे चढणाऱ्याचं तोंड डोंगराकडे असताना जी डावी, ती डावी. आपल्याच घरचा जिना बघा. चढताना भिंत उजव्या हाताला असेल, तर उतरताना ती डाव्या हाताला येते. म्हणून चढायची वाट कधीही उलटी करून उतरायची वाट म्हणून छापायची नाही. जो उतरून आलाय, त्यानंच उतरायची वाट लिहायची. हा नियम कुठल्या पानावर छापलेला नव्हता. ऑफिसात सगळ्यांना माहीत होता, बस्स.

आमचे एक लेखक बापू. खडकीला राहायचे, तिथल्या कारखान्यात नोकरी. शनिवारी पाळी सुटली की पाठीला सॅक. त्यांनी आमच्यासाठी मांजरनाळेवर लिहिलं होतं. नाळ म्हणजे कोकणातून घाटमाथ्यावर येणारी दगडधोंड्यांची अरुंद घळ. हिला मांजरनाळ का म्हणतात, तर मांजर झाडावर सरसर चढतं आणि उतरताना अडकून ओरडत बसतं. खालच्या वाडीतल्या लोकांनीच ठेवलेलं नाव. वर जाताना नाळेला दोन फाटे फुटतात. बापूंनी लिहिलं होतं, ‘डावी धरावी. उजवी नाही, नाही, नाही.’ तीनदा ‘नाही’ बघून मी दोन खोडायला निघाले, तर बापू म्हणाले, “राहू द्या बाई. एक ‘नाही’ लोक ऐकत नाहीत.” माथ्याच्या जरा खाली एक उभा कातळ लागतो. मी विचारलं, “हात कुठे ठेवलात?” बापूंचा उजवा हात छातीसमोर वर गेला आणि चार बोटं आत वळली. “इथं. खाच आहे. मुठीएवढी. ती धरली की जीव आपला.” मला घाम फुटला. लेख छापला.

मग दिवस बदलले. आधी बुटांच्या जाहिराती आल्या, त्यांच्यामागून तंबूंच्या, आणि शेवटी डोंगराच्या पायथ्याच्या स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टच्या. लेख आखडले, फोटो फुगले. पूर्वी फोटोत डोंगर असायचा आणि कोपऱ्यात माणूस. आता माणसाचे दात दिसायचे आणि मागे कुठेतरी डोंगर. संपादक गेले. मासिक एका कंपनीनं घेतलं आणि नीरज नावाचा मुलगा ते बघायला लागला. स्वभावानं चांगला. मला रोज विचारायचा, “मॅडम, जेवलात का?” त्यानंच एक दिवस माझ्यासमोर खुर्ची ओढून सांगितलं, “मॅडम, ते भीतीचं वाक्य काढूया ना. डेटा बघितला मी. भीती आली की लोक स्क्रोल करून पुढे जातात.”

मी म्हटलं, “पुढेच जातात ना? खाली तर नाही जात?”

तो हसला. वाक्य मात्र गेलंच. पुढे छापील अंक बंद झाला, मी निवृत्त झाले, आणि मासिकाचं नाव तेवढं मोबाइलवर उरलं.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. माझी सून मुक्ता नागपूरची. आयटीत आहे. मुलगा कंपनीच्या कामासाठी वर्षभर बाहेर, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आमचं बरं जमतं. ती मला चिडवते आणि मी तिच्या भाषेला नावं ठेवते. पहिल्यांदा सिंहगड बघून म्हणाली, “आई, आमच्याकडे उंच म्हणजे उड्डाणपूल.” पण पोरीला डोंगराचं वेड लागलं. मी जाऊ देते, आणि घरी बसून घाबरते. ती निघताना मी म्हणते, “हात बघून ठेव.” ती म्हणते, “हो हो, हात बघूनच ठेवून राहिली मी.”

त्या शनिवारी ती ऑफिसच्या ग्रुपबरोबर पहाटेच गेली. सकाळी चहा घेताना मी मोबाइल बघितला, तर तिनं जाता जाता एक लिंक पाठवली होती. खाली लिहिलेलं, ‘आई, हे बघा कुठे जाऊन राहिलो. तुमच्याच मासिकात आलंय, म्हणून तर बिनधास्त.’

लिंक उघडली. ‘मांजरनाळ : वीकेंडसाठी इझी उतराई.’ भाषा गुळगुळीत. शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं. माथ्यावरून सुरुवात करा, वाऱ्याचा आनंद घ्या, नाळेच्या तोंडाशी डावीकडे वळा. मी पूर्ण वाचलं. हात कोरडे.

मांजरनाळ वाचतेय आणि माझे हात कोरडे! आधी तेच लक्षात आलं. मग मी ‘डावीकडे’ पुन्हा वाचलं. खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं, डावा हात वर केला. मग उलटी फिरले, तर तो हात दुसऱ्याच भिंतीकडे. अहो, कुणीतरी बापूंची चढायची वाट उलटी करून उतरायला दिली होती आणि डावं तसंच ठेवलं होतं. तीन ‘नाही’ तर कुठेच नव्हते.

मुक्ताला फोन केला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ पुन्हा केला. तेच. त्या बाईचा तो शांत आवाज ऐकून मी मोबाइलवर ओरडले, “अगं, गप्प बस ना!”

नीरजला फोन केला. “हे मांजरनाळेचं कुणी लिहिलंय?”

“मॅडम, कशा आहात? ते ना, जुन्या अंकांवरून आमची एआय सिस्टिम तयार करते. एकदम फास्ट. तुमचेच लेख आहेत सगळे.”

“ती उतरलीय का कधी तिथून?”

“कोण?”

“तुमची सिस्टिम. हात कुठे ठेवला तिनं?”

त्याला कळेना. हसून म्हणाला, “मॅडम, तिला हात कुठे असतात?”

मी त्याला सांगितलं, माझी सून या क्षणी त्या वाटेवर आहे. त्याचं हसणं जागच्या जागी थांबलं. म्हणाला, “मी लगेच काढतो मॅडम, लगेच.” पण तिच्या मोबाइलमधून कसं काढणार होता तो?

मग बापूंना लावला. बापू आता थकलेत, ऐकू कमी येतं. तीनदा ओरडून सांगावं लागलं.

“बापू, त्या दुसऱ्या फाट्यात काय आहे?”

“आधी गवत आहे, बाई. छान वाटतं. आपलीच वाट वाटते. मग मुरूम लागतो, पाय ठरत नाही. मग काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“काही नाही म्हणजे काही नाही, बाई.”

मग म्हणाले, “खालच्या वाडीत माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना वर पाठवतो. पण त्यांना चढायला वेळ लागेल. तुम्ही घाबरू नका.” बापू, जन्मभर तेच केलं मी. आज कसं थांबवू?

त्यानंतर मी काय करत होते, मला धड आठवत नाही. कुकर लावला होता, त्यात पाणी घातलंच नव्हतं. देवापुढे बसले आणि लगेच उठले. खालून कुणीतरी ओरडलं, “अहो वहिनी, मागे व्हा, पडाल!” तेव्हा कळलं, मी गॅलरीच्या कठड्यावरून कमरेएवढी बाहेर वाकून रस्त्याकडे बघत होते. तिसरा मजला. खाली सरळ पार्किंगची फरशी दिसत होती आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. कठड्यावर मात्र माझ्या दोन्ही हातांचे ओले ठसे उमटले होते.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. “आई, परत येऊन राहिलो आम्ही. वरच्या वरच. उतरलोच नाही.” मला रडू फुटलं. ती म्हणत होती, “आई, काहून रडता? काही झालंच नाही ना.”

घरी आली तेव्हा तळवे सोललेले, नखांत माती. मी चहा दिला. मग तिनंच सांगितलं. गवतातून मस्त उतरत होते सगळे, गाणी म्हणत. मग पायाखालचं सरकायला लागलं. म्होरक्या पुढे, म्हणे चला, इझी लिहिलंय. हिनं धरायला काही दिसतं का बघितलं. भुसभुशीत माती आणि सुटे दगड.

“मी म्हटलं, हात कुठे ठेवायचा ते सांग आधी. तो सांगूच नाही शकला. मग मी बसली खाली. म्हटलं, मी नाही येऊन राहिली. सगळे हसले. मूड घालवू नको म्हणाले. आई, मला इतकी लाज वाटली! पण बसूनच राहिली. मग त्यानं वैतागून एक दगड लाथाडला. तो गेला समोरच्या वळणावरून. आम्ही आवाज ऐकायला थांबलो, तर आवाज आलाच नाही.”

मग कुणी हसलं नाही. चौघे-पाचजण हातापायांवर रांगत, माती उकरत वर आले. एक मुलगी सारखी रडत होती. वाडीतली माणसं वर पोचेपर्यंत हे माथ्यावर येऊन एकमेकांना धरून बसले होते.

मी तिचे तळवे कोमट पाण्यानं धुतले. म्हटलं, “हात कुठे ठेवलास शेवटी?”

“कुठेच नाही ना आई. म्हणूनच तर बसली.”

नीरजनं लेख काढला, माझी माफीही मागितली. पण तोवर त्या मजकुराच्या नकला चहूकडे गेल्या होत्या. एकानं तर त्याला संगीत लावून व्हिडिओ केलाय. छापील अंकात चूक झाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची सोय होती, आणि वाचकही तोच असायचा. आता दुरुस्ती कुठे छापू आणि कुणासाठी? दर शुक्रवारी मला वाटायला लागलं, उद्या कुणाचं तरी लेकरू त्या गवतात उतरणार.

मुक्ताला बहुतेक तसंच वाटत होतं. ती बापूंकडे खडकीला जाऊन बसली. बापूंनी तिला वाट समजावली, कातळाकडे तोंड करून कसं उतरायचं ते खुर्चीला धरून दाखवलं. आणि आज शनिवारी ती पुन्हा तिथेच गेली आहे. या वेळी गिर्यारोहण क्लबातली जाणती माणसं बरोबर आहेत, दोर आहे, आणि तेलरंगाचा डबा. दोन्ही फाट्यांच्या तोंडाशी कातळावर रंगवायचं ठरलंय. उतरणाऱ्याच्या उजवीकडे बाण, आणि डावीकडे फुली. फुलीच्या खाली तीनदा ‘नाही’. ते बापूंनी बजावलंय. मी जाऊ नको म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

म्हणून हे मी सकाळपासून लिहितेय. हात रिकामे राहिले तर मी पुन्हा त्या गॅलरीत जाईन. ओलसर बोटांनी कागद चिकटतोय, दोन पानं तर बदलावी लागली.

हे इथवर लिहिलं आणि मोबाइल वाजला. आवाज तुटक, मागे वारा.

“आई! बाण काढला. फुलीपण काढली. ऐकू येऊन राहिलं का? आणि आता मी कातळावर आहे. ती खाच आहे ना आई, बापूंनी सांगितलेली, छातीसमोर, मुठीएवढी... सापडली! हात त्याच्यातच आहे माझा!”

“अगं, मग फोन कशाला केलास? दुसरा हात कुठे आहे?”

“दुसऱ्या हातात फोन आहे ना!”

“ठेव आधी तो!” मी ओरडले. “ठेव! दोन्ही हातांनी धर!”

फोन बंद झाला. आता ती कातळ पार करून पुन्हा फोन करेल. तोवर मी इथेच बसलेय, उजव्या हाताची चार बोटं टेबलाच्या कडेला घट्ट रोवून.